पाटी, मत आणि सातबारा

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघाले की कर्नाळ्याचा सुळका नजरेत भरतो. त्याच्या अलीकडेच शिरढोण गाव लागते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके येथे जन्मले. त्यांच्या बंडाची कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. परंतु त्यांच्या घरातल्या एका लहानशा बंडाकडे फारसे कोणी पाहत नाही. पुण्यास लष्करी हिशेबाच्या कचेरीत नोकरी करीत असताना वासुदेवरावांनी आपल्या द्वितीय पत्नी गोपिकाबाई यांना लिहावयास-वाचावयास शिकविले, असे चरित्रकार सांगतात.

आज यात नवल ते काय, असे वाटेल. पण बायकोच्या हाती पुस्तक आले तर नवऱ्यावर संकट ओढवते, अशी समजूत त्या काळी भल्याभल्या घरांत होती. १८४८ पासून पुण्यात मुलींना शिकविणाऱ्या सावित्रीबाई फुले यांनी अंगावर शेण झेलले होते. पनवेलपासून जवळच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांच्या शिक्षणाचा हट्ट धरला तो पती गोपाळरावांनीच. म्हणजे अक्षर मिळाले खरे, पण नवऱ्याच्या मर्जीने. मर्जी म्हटली की ती देणाऱ्याबरोबर जाते. वासुदेवराव १८७९ मध्ये पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी एडन येथे कैदेत निवर्तले. मागे राहिलेल्या गोपिकाबाईंना वाचता येत होते. परंतु त्या काळच्या कायद्याने एकत्र कुटुंबातल्या विधवेला अन्नवस्त्र मिळे, वाटा नाही.

पुढचा सारा इतिहास या मर्जीचा हक्क कसा झाला, याचा आहे. पनवेलला नगरपालिका आली १८५२ साली. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळासाठी स्त्रियांना मत मिळाले १९२१ मध्ये, तेही मिळकतीच्या अटीवर. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत सर्वांना मत मिळाले. तरी देशात सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळली. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ यापलीकडे त्यांनी स्वतःचे नाव सांगितलेच नव्हते! यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या होत्या. परंतु नाव उच्चारण्याचा संकोच आपल्याकडेही परका नव्हता. अशा देशात पनवेलची महानगरपालिका २०१६ मध्ये झाली आणि २०१७ मध्ये तिच्या पहिल्या महापौर डॉ. कविता चौतमोल झाल्या, ही मजल थोडी नव्हे.

पाटी झाली, मत झाले, राहिला सातबारा. पनवेल-उरणच्या खारपट्टीत भातलावणी बायकांनी केली, मिठागरांत मिठाच्या पाट्या बायकांनी वाहिल्या. सातबाऱ्यावर नाव मात्र बहुधा पुरुषाचे. १९७० मध्ये सिडको आली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. ज्या शेताला कोणी विचारीत नव्हते त्याला सोन्याचा भाव आला, आणि सासरी गेलेल्या बहिणीची आठवण होऊ लागली. पुष्कळदा हक्कसोडपत्रावरच्या सहीपुरती!

कायदा तोवर पुढे गेला होता. १९५६ च्या कायद्याने हिंदू विधवेला आपल्या मिळकतीची पूर्ण मालकी दिली. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि देशाने २००५ मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीचा हक्क दिला. पण ‘वाटा घेतला तर माहेर तुटेल’ ही भीती कोणत्या कायद्याने जावी?

वाचकहो, बहिणीने वाटा घेतलाच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. तिने तो मायेने सोडला, तर तोही तिचाच अधिकार. मात्र कागद तिने स्वतः वाचावा, आणि ‘नाही’ म्हटले तरी माहेरचा उंबरठा तिच्यासाठी उघडा राहावा. गोपिकाबाईंना अक्षर मिळाले ते नवऱ्याच्या मर्जीने. आजच्या बहिणीने सही करायची ती स्वतःच्या मर्जीने. परवा भाऊबीजेला ताई निरांजन घेऊन ओवाळील. ओवाळणी ऐपतीप्रमाणे घालावी. पण सहीचा कागद पुढे करण्याआधी, ‘ताई, तुझे काय म्हणणे आहे?’ एवढे मात्र भावाने विचारावे आणि ती सांगेल ते ऐकून घ्यावे.