मूठभर इतिहास : गिअरच्या दांड्यावरच्या गोळ्याची गोष्ट

मोटारीच्या इतिहासावर लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा इंजिनाकडे, कारखान्यांकडे आणि कारखानदारांकडे जाते. गिअरच्या दांड्याच्या टोकावर बसवलेल्या मुठीला त्या इतिहासात सहसा एक ओळही मिळत नाही. तरीही चालकाच्या तळव्याने वर्षानुवर्षे ज्या वस्तूला स्पर्श केला त्या दोनच : सुकाणूचे चाक आणि ही मूठ. त्यातही मूठ ही पाना न लावता, कोणाची परवानगी न घेता, निव्वळ हाताने फिरवून बदलता येणारी. त्यामुळे यंत्र कसे असावे हे ठरवण्याचा जो थोडासा अधिकार सामान्य मालकाकडे उरला, त्याचा माग या वस्तूत लागतो. आजचा धागा तिच्याविषयी.

प्रारंभ पॅरिसपासून करावा लागेल. १८९१ च्या सुमारास एमिल लेव्हासोर याने पानार-लेव्हासोरच्या गाडीत इंजिन पुढे ठेवले आणि त्यामागे सरकत्या दातेरी चाकांची पेटी बसवली. वेग बदलायचा म्हणजे फिरती चाके एकमेकांत अक्षरशः ढकलायची. पद्धत रांगडी आहे, पण चालते, अशा आशयाचे उद्गार खुद्द लेव्हासोरच्या नावावर सांगितले जातात. १९०१ च्या मर्सिडीजमध्ये विल्हेल्म मायबाखने दांड्याला खाचांची चौकट दिली आणि आज आपल्या ओळखीचा जो ‘एच’ आकाराचा मार्ग आहे, त्याचा पाया घातला गेला. त्या काळात दांडा पुष्कळदा गाडीच्या बाहेर, चालकाच्या उजव्या बाजूला असे; पाऊस, धूळ, चिखल सारे त्याच्यावर. अशा ठिकाणी मुठीचे काम एकच होते : लोखंड हाताला लागू नये आणि हादरे थोडे कमी पोहोचावेत. कॅडिलॅकच्या १९१६ सालच्या ‘टाइप ५३’ गाडीत दांडा आणि हातब्रेक दोन पुढच्या आसनांच्या मध्ये आले, पायाखालच्या तीन पट्ट्यांचा क्रमही आजच्यासारखा झाला. दांडा घरात आला, आणि घरातल्या वस्तू सजवण्याची माणसाची जुनी खोड त्यालाही लागली.

इथे फोर्डचे ‘मॉडेल टी’ आडवे येते. १९०८ ते १९२७ या काळात ही गाडी दीड कोटींच्या घरात तयार झाली, पण तिचे वेग पायाने बदलत. आजच्या अर्थाने गिअरचा दांडा तिला नव्हताच. मात्र तिने दुसरी एक गोष्ट घडवली. गाडी स्वस्त, साधी आणि सर्वांची एकसारखी असल्यामुळे तिला वेगळे रूप देणाऱ्या सुट्या वस्तूंचा स्वतंत्र बाजार उभा राहिला. १९०९ मध्ये जॉर्ज पेपरडाइनने कॅन्सस सिटीत ‘वेस्टर्न ऑटो’ सुरू केली ती टपालाने अशा वस्तू विकण्यासाठीच. शिकागोत १९१५ मध्ये इस्रायल वॉर्शावस्कीने मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग विकायला सुरुवात केली. त्या दुकानातून पुढे ‘जे. सी. व्हिटनी’ या नावाने ओळखली जाणारी जाडजूड सूचिपत्रे निघाली. म्हणजे मूळ उत्पादकाच्या बाहेरून भाग घेण्याची सवय रुजली तेव्हा अनेकांच्या गाडीत बदलण्यासारखी मूठच नव्हती! दांड्याच्या गाड्या घरोघरी पोहोचल्या, तेव्हा हा बाजार तयार उभा होता.

१९२० आणि ३० च्या दशकांतल्या अमेरिकेत रंगीत भोवऱ्यांच्या काचेच्या मुठी विकल्या जात, मुलांच्या खेळातल्या गोट्यांसारख्याच, पण तळहाताएवढ्या. आज संग्राहक त्यांच्यासाठी बरीच किंमत मोजतात. लाकूड आणि कडक रबर आधीपासून होते. लिओ बेकलँडने १९०९ मध्ये जगासमोर आणलेल्या बेकेलाइटने मात्र साच्यातून हव्या तेवढ्या मुठी एकसारख्या काढता येऊ लागल्या. काचेची मूठ हौसेची आणि बेकेलाइटची कारखान्याची, अशी ही विभागणी ढोबळ आहे, पण पुढच्या शंभर वर्षांचा झगडा तिच्यात दिसतो असे मला वाटते.

हौसेला पहिला मोठा धक्का तंत्रज्ञानाने दिला. १९२८ मध्ये कॅडिलॅकने अर्ल थॉम्प्सनची सिंक्रोमेश यंत्रणा आणली. दात एकमेकांत शिरण्यापूर्वी त्यांचा वेग जुळवून देणारे घर्षणाचे कडे, एवढेच तिचे सार. पण त्यामुळे क्लच दोनदा दाबण्याची कसरत संपली आणि दांड्याला लागणारा जोर कमी झाला. जोर कमी झाल्यावर लांब दांड्याची गरज उरली नाही. १९३८ मध्ये पॉन्टियॅकने दांडा उचलून सुकाणूच्या खांबावर नेला. पुढच्या अखंड बाकावर तिघे बसू लागले आणि जमिनीवरचा दांडा वर्षा-दोन वर्षांत अमेरिकेत जुनाट ठरला. मूठ उरली ती बोटांच्या चिमटीत मावणारे प्लॅस्टिकचे बोंड म्हणून.

मुंबईकरांना हे बोंड नीट आठवत असेल. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फिएट ११०० आणि तिचीच पुढची आवृत्ती असलेली पद्मिनी, दोघींचा गिअर सुकाणूच्या खांबावर होता, उत्तरपाड्याच्या अॅम्बॅसडरचाही. जगात ही पद्धत मागे पडल्यावरही ती आपल्याकडे दशकानुदशके टिकली, कारण बंदिस्त बाजारात नवे नमुने येत नव्हते. आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीत चालकाशेजारी एक उतारू बसवायला ती सोयीचीही होती. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचा दांडा जमिनीवर होता. भारतीय मध्यमवर्गाच्या हाताला बदलता येण्याजोगी मूठ खऱ्या अर्थाने लागली ती तेव्हापासून, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. ट्रकचालकांचे मात्र वेगळे. पारदर्शक अॅक्रिलिकच्या गोळ्यात गोठवलेले फूल किंवा देवाची छबी ही त्यांच्या केबिनमधली ओळखीची वस्तू. विशेष म्हणजे जपानी ट्रकचालकांतही फुले गोठवलेल्या अशाच मुठी लोकप्रिय आहेत. तिकडे त्यांना ‘पाण्यातले फूल’ अशा अर्थाचे नाव आहे.

अमेरिकेत दांडा जमिनीवर परतला तो हौशी मंडळींच्या आग्रहाने. युद्धानंतर जुन्या गाड्या शर्यतीसाठी सजवणाऱ्या तरुणांना खांबावरचा लुळा दांडा नको होता. पेनसिल्व्हेनियातल्या जॉर्ज हर्स्टने १९५० च्या दशकाच्या अखेरीस मजबूत दांडे बनवायला घेतले, आणि १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओत हर्स्टचा दांडा थेट कारखान्यातूनच बसून येऊ लागला. बाहेरचा भाग इतका प्रतिष्ठित झाला की उत्पादकाने तो आपल्याकडे घेतला. युरोपात असेच घडले, पण दिशा उलटी होती. फोक्सवॅगनच्या पहिल्या गोल्फ जीटीआयमध्ये, १९७६ पासून, गोल्फच्या चेंडूसारखी मूठ आली. ती कल्पना गुनहिल्ड लिलिएक्विस्ट यांची. त्या रंग आणि कापड विभागात काम करीत, त्यापूर्वी चिनीमातीच्या भांड्यांवर चित्रे रंगवीत. आसनांचे चौकटीचे कापडही त्यांचेच. सुट्या भागांच्या दुकानात शोभेल अशी थट्टेखोर वस्तू कारखान्याने स्वतःच दिल्यावर मालकाने बदलायचे काय?

आता ज्या प्रश्नावर आजही वाद झडतात तो घेऊ : मूठ जड असावी की हलकी? पोर्शेच्या १९७० च्या सुमारास शर्यती गाजवणाऱ्या ९१७ गाडीत वजन वाचवण्यासाठी मूठ बाल्सा लाकडाची होती. २००३ च्या कॅरेरा जीटीत लाकडी मूठ आली ती त्याच स्मृतीसाठी. होंडाने १९९२ च्या एनएसएक्स-आरमध्ये टायटेनियमची मूठ दिली आणि पुढे ‘टाइप आर’ गाड्यांची ती खूणच झाली. पण त्याच होंडाने २०२० च्या सिव्हिक टाइप आरमध्ये थेंबाच्या आकाराच्या मुठीत ९० ग्रॅमचे वजन मुद्दाम घातले. एकाच घराण्याने दोन्ही पक्ष लढवले!

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. दांडा ढकलला की मुठीच्या वस्तुमानाला गती मिळते. सिंक्रोमेशचे कडे क्षणभर अडवते तेव्हा ती गती पुढचे काम करते आणि हाताला अडथळा कमी जाणवतो. म्हणून जड मूठ गुळगुळीत वाटते. पण हीच गुळगुळीत जाणीव पेटीतली बारीक खबर झाकते. दात नीट जुळले की नाही, कडे झिजले आहे का, हे हलकी मूठ लगेच सांगते. उंचीचाही परिणाम होतो : मूठ उंच असेल तर जोर कमी लागतो पण हाताचा प्रवास वाढतो, बुटकी असेल तर उलट. माझा कौल मध्यम वजनाकडे आहे. पेटी जुनी, खाचा झिजलेल्या आणि दांडा लांब असेल तर फार जड गोळा टाळलेलाच बरा. खडबडीत रस्त्यावर त्याच्या झोक्याने गिअर निसटण्याला हातभार लागू शकतो. आणि निव्वळ धातूची मूठ घेणाऱ्याने मे महिन्यातली विदर्भातली दुपार एकदा डोळ्यांसमोर आणावी.

निवडीतला खरा पेच मात्र आट्यांचा असतो. दांड्याच्या टोकाचे आटे प्रत्येक उत्पादकाचे वेगळे. होंडाच्या बहुतेक गाड्यांत व्यास १० मिलिमीटर आणि दोन आट्यांतले अंतर १.५, निस्सान आणि माझदाच्या अनेक गाड्यांत १० आणि १.२५; टोयोटाच्या पुष्कळ गाड्यांत १२ आणि १.२५. हर्स्टचे अमेरिकी दांडे ३/८ इंचाचे, इंचाला १६ आट्यांचे. या शेवटच्या आकड्यामागे एकोणिसाव्या शतकाची गोष्ट दडली आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने इंग्लंडात आट्यांचे प्रमाण मांडले, त्याचा कोन ५५ अंशांचा. १८६४ मध्ये विल्यम सेलर्सने फिलाडेल्फियात ६० अंशांचे प्रमाण सुचवले. ३/८ इंचाला १६ आटे ही संख्या दोघांचीही एकच, तरी कोन वेगळा असल्याने जोडी नेमकी बसत नाही. चुकीच्या आट्यांची मूठही पहिले एक-दोन फेरे सहज घेते आणि मग अडते. तिथे जोर लावला की अॅल्युमिनियमचे आटे पोलादी दांड्यापुढे हार खातात. म्हणून मूठ घेण्याआधी दांडा मोजावा, गाडीचे नाव सांगून समाधान मानू नये.

बसवणे त्यामानाने सोपे. बहुतेक जपानी घडणीच्या गाड्यांत मूळ मूठ घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की निघते. घट्ट असेल तर रबरी कापडाने धरावी, केस वाळवायच्या यंत्राने थोडी ऊब द्यावी. बीएमडब्ल्यूसारख्या गाड्यांत ती आट्यांवर नसते, सरळ वर ओढावी लागते. ओढताना तोंड बाजूला ठेवावे, कारण ती सुटते तेव्हा हात थेट हनुवटीकडे येतो. रिव्हर्ससाठी मुठीखालचे कडे उचलावे लागते अशा गाडीत, उदाहरणार्थ ह्युंदाईच्या अनेक गाड्यांत, ते कडे नव्या मुठीखाली मोकळे हलले पाहिजे. न हलल्यास ती मूठ त्या गाडीची नाही. नवी मूठ फिरवून बसवताना खाली चेकनट असेल तर आधी मूठ हव्या त्या कोनात आणावी आणि मग नट वर घेऊन आवळावा. तीन बारीक स्क्रूंनी धरणारी जोडणी असेल तर तिन्ही थोडे थोडे, आळीपाळीने. शेवटी गाडी बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहावेत. मूठ समोरच्या फळीला किंवा बोटे हातब्रेकला लागत नाहीत ना, एवढे बघावे.

मुठीवर कोरलेल्या गिअरच्या आकृतीलाही इतिहास आहे. अमेरिकेत १९६८ पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमानुसार, साध्या तीन गिअरच्या ‘एच’चा अपवाद वगळता, ही आकृती चालकाला दिसेल अशी असणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. कोरी मूठ बसवणाऱ्याने ती आकृती दुसरीकडे लावावी. गाडी कधीतरी दुसऱ्याच्या हातात जातेच. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांना बाध आणणाऱ्या फेरफारांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ कडक लावला. नोंदणीपुस्तकात मुठीचा रकाना नाही, त्यामुळे ती या जाळ्यातून सुटते.

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. त्या गाड्यांचे नोंदणीक्रमांक, तारखा, परवाने कागदावर आहेत. चालकांनी बोंडांना काय गुंडाळले, काय चिकटवले, मोडल्यावर काय बसवले, हे कोणत्याही कागदावर नाही. असलेच तर घरातल्या जुन्या छायाचित्रांच्या कोपऱ्यात आहे. आपल्या घरी टॅक्सी, ट्रक किंवा पहिली मारुती असेल आणि त्या कोपऱ्यात मूठ दिसत असेल, तर छायाचित्र या धाग्याखाली अवश्य द्यावे. सोबत साल आणि गाव आठवत असल्यास तेही.