ॲलिस चिल्ड्रेस

ॲलिस चिल्ड्रेस (जन्मनाव: ॲलिस हर्नडन, १२ ऑक्टोबर १९१६, चार्ल्सटन, साउथ कॅरोलायना – १४ ऑगस्ट १९९४, न्यू यॉर्क) या अमेरिकन अभिनेत्री, नाटककार आणि कादंबरीकार होत्या. विसाव्या शतकाच्या मध्यावर न्यू यॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर ज्यांची नाटके झाली अशा पहिल्या कृष्णवर्णीय लेखिकांमध्ये त्यांची गणना होते. सुमारे चार दशके त्या सातत्याने नाटके लिहीत राहिल्या. ‘ट्रबल इन माइंड’ (१९५५) आणि ‘वेडिंग बँड’ ही त्यांची सर्वांत महत्त्वाची नाटके मानली जातात. ‘अ हीरो एन्ट नथिंग बट अ सँडविच’ (१९७३) ही त्यांची किशोरवयीन वाचकांसाठीची कादंबरी विशेष गाजली. ब्रॉडवेवर मात्र त्यांचे नाटक त्यांच्या हयातीत एकदाही झाले नाही.

बालपण

चिल्ड्रेस यांचा जन्म चार्ल्सटन येथे झाला. अनेक जुन्या संदर्भग्रंथांत त्यांचे जन्मवर्ष १९२० असे दिलेले आढळते. आईवडील विभक्त झाल्यावर, सुमारे नऊ वर्षांच्या असताना, त्या न्यू यॉर्कमधील हार्लेम वस्तीत आजीकडे राहायला आल्या. आजी एलायझा कॅम्बेल व्हाइट यांचे औपचारिक शिक्षण बेताचेच होते, परंतु नातीच्या वाङ्मयीन घडणीत त्यांचाच वाटा सर्वांत मोठा आहे. खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांबद्दल गोष्टी रचणे हा आजी-नातीचा खेळ होता. आजी त्यांना चर्चमध्ये नेत असे. तेथे गरीब माणसे उभी राहून आपापली दुःखे सर्वांसमोर सांगत. पुढे चिल्ड्रेस यांच्या नाटकांतील पात्रे ज्या बोलीत बोलतात, तिची ओळख त्यांना येथे झाली. आजीच्या निधनानंतर त्यांचे माध्यमिक शिक्षण अर्धवट राहिले. त्यानंतर जे काही शिकल्या ते सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तके वाचून.

अभिनय

नट ॲल्विन चिल्ड्रेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. जीन ही त्यांची एकुलती एक मुलगी. १९४० मध्ये एब्रम हिल आणि फ्रेडरिक ओनील यांनी हार्लेममध्ये ‘अमेरिकन निग्रो थिएटर’ ही नाट्यसंस्था स्थापन केली. तिचे प्रयोग १३५व्या रस्त्यावरील ग्रंथालयाच्या तळघरात होत. चिल्ड्रेस आरंभापासून या संस्थेत होत्या आणि तेथे त्यांनी सुमारे अकरा वर्षे काम केले. सिडनी प्वाटिए, हॅरी बेलाफॉन्टे आणि रूबी डी हे पुढे जगप्रसिद्ध झालेले कलावंतही याच संस्थेत घडले. अभिनय, दिग्दर्शन, वेशभूषा, रंगभूषा, प्रसिद्धी अशी पडेल ती कामे सर्वांनाच करावी लागत. त्यातून पोट भरत नसल्याने चिल्ड्रेस यांनी घरकाम, दुकानातील विक्री, विमा एजंटाचे काम, छायाचित्रांवर हात फिरवण्याचे काम असे नाना उद्योग केले.

फिलिप यॉर्डन यांचे ‘ॲना लुकास्टा’ हे नाटक मुळात पोलिश-अमेरिकन कुटुंबाविषयीचे. संस्थेने ते कृष्णवर्णीय नटसंचात बसवले आणि १९४४ मध्ये ते ब्रॉडवेवर गेले. तेथे त्याचे ९५७ प्रयोग झाले. यात चिल्ड्रेस यांनी ब्लँचची भूमिका केली. एवढ्या यशानंतरही त्यांना मोठ्या भूमिका मिळाल्या नाहीत. त्यांचा वर्ण उजळ असल्याने गोऱ्या निर्मात्यांच्या कल्पनेतील ‘कृष्णवर्णीय स्त्री’त त्या बसत नसत, आणि गोऱ्या स्त्रीची भूमिका मिळण्याचा तर प्रश्नच नव्हता. जे मिळे ते बहुधा मोलकरणीचे काम, तेही दोन-चार वाक्यांचे. त्या लेखनाकडे वळल्या त्यामागे हे एक मोठे कारण होते.

आरंभीचे लेखन

‘फ्लॉरेन्स’ (१९४९) ही त्यांची पहिली एकांकिका. नाटक एका रात्रीत लिहून होत नाही, असे प्वाटिए यांनी म्हटल्यावर ती पैजेखातर रात्रीतून लिहिली गेली, अशी आठवण सांगितली जाते. दक्षिणेतील एका रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात ती घडते. गोऱ्यांची बाजू आणि कृष्णवर्णीयांची बाजू यांच्यामध्ये कठडा आहे. न्यू यॉर्कमध्ये नटी होण्यासाठी धडपडणाऱ्या आपल्या मुलीला, फ्लॉरेन्सला, परत आणायला एक वृद्ध आई निघाली आहे. कठड्यापलीकडची गोरी स्त्री तिच्याशी सहानुभूतीने बोलू लागते. मुलीला काही मदत कराल का, असे आईने विचारताच ती फ्लॉरेन्सला एका ओळखीच्या बाईकडे मोलकरणीची नोकरी देऊ करते. आई गाडीत बसतच नाही. भाड्याचे पैसे ती मुलीला पाठवते आणि प्रयत्न सोडू नकोस, असे कळवते. फ्लॉरेन्स स्वतः रंगमंचावर येतच नाही.

यानंतर लँग्स्टन ह्यूज यांच्या लेखनावर आधारित ‘जस्ट अ लिटल सिंपल’ (१९५०) आणि ‘गोल्ड थ्रू द ट्रीज’ (१९५२) ही नाटके आली. नट-संघटनेच्या सभासद असलेल्या व्यावसायिक कलावंतांनी केलेले कृष्णवर्णीय लेखिकेचे पहिले नाटक म्हणून ‘गोल्ड थ्रू द ट्रीज’चा उल्लेख केला जातो. याच काळात गायक-नट पॉल रोब्सन यांच्या ‘फ्रीडम’ या वृत्तपत्रात त्या सदर लिहीत. मिल्ड्रेड ही मोलकरीण आपली मैत्रीण मार्ज हिला दिवसभराच्या हकिकती सांगते, असे त्याचे स्वरूप होते. मार्जचे बोलणे वाचकाला कधीच ऐकू येत नाही, फक्त मिल्ड्रेडच बोलते. हे संवाद १९५६ मध्ये ‘लाइक वन ऑफ द फॅमिली’ या पुस्तकात संकलित झाले. ‘ती आमच्या घरच्यासारखीच आहे’ हे मालकिणीचे कौतुकाचे बोलणे मिल्ड्रेड ज्या प्रकारे खोडून काढते, ते वाचताना हसू येते आणि अवघडल्यासारखेही होते. वृत्तपत्राच्या डाव्या विचारांमुळे त्या काळात त्यांच्यावर एफबीआयची पाळत होती.

‘ट्रबल इन माइंड’ आणि शेवटाचा वाद

हे नाटक नाटकाच्या तालमीविषयी आहे. झुंडबळीच्या विरोधात एका गोऱ्या लेखकाने लिहिलेले ‘केऑस इन बेलव्हिल’ हे काल्पनिक नाटक ब्रॉडवेसाठी बसवले जात आहे. विलेटा मेयर या अनुभवी कृष्णवर्णीय नटीला त्यात आईची भूमिका मिळाली आहे. आरंभी विलेटा नवशिक्या तरुण नटाला धंद्यातले व्यवहारज्ञान शिकवते: दिग्दर्शक हसला की हसायचे, आपले मत विचारले तर त्याला आवडेल तेच सांगायचे. परंतु तालीम पुढे सरकते तशी तिची स्वतःचीच अडचण होऊ लागते. तिच्या भूमिकेतील आई आपल्या मुलाला जमावाच्या भीतीने स्वाधीन होण्यास सांगते. कोणतीही आई असे करणार नाही, हे विलेटाला पटलेले आहे. अभिनयात ‘सत्य’ शोधा, असा धोशा लावणारा दिग्दर्शक मॅनर्स तिचे हे सत्य ऐकून घ्यायला तयार नाही. शेल्डन या वृद्ध नटाने लहानपणी खरोखरचा झुंडबळी पाहिलेला आहे. त्याने सांगितलेली ती हकीकत आणि तालमीतले नाटक यांतील अंतर प्रेक्षकांसमोर उघडे पडते. विनोदाच्या अंगाने चाललेले नाटक येथे गंभीर होते.

१९५५ च्या नोव्हेंबरमध्ये ग्रीनिच मूज थिएटरमध्ये हे नाटक आले आणि त्याचे ९१ प्रयोग झाले. मूळ संहितेच्या अखेरीस विलेटाला आपले काम जाणार हे ठाऊक असते. रिकाम्या रंगमंचावर वृद्ध द्वारपाल हेन्रीसमोर ती मनात होते तसे सादरीकरण करते. निर्मात्यांना मात्र आशादायक शेवट हवा होता. चिल्ड्रेस यांनी तो लिहून दिला आणि सर्व कलावंत एकत्र येऊन दिग्दर्शकाचे मन वळते, असे दाखवले. हा बदल केल्याचा त्यांना पुढे कायम पश्चात्ताप झाला.

नाटक ब्रॉडवेवर नेण्याचा करार झाला, १९५७ हे वर्ष ठरले, ‘सो अर्ली मंडे मॉर्निंग’ असे नवे नावही सुचवण्यात आले. त्याबरोबर फेरलेखनाच्या मागण्या सुरू झाल्या. गोऱ्या प्रेक्षकांना अवघड वाटेल असा मजकूर सौम्य करावा, हा त्यांचा रोख होता. चिल्ड्रेस यांनी बरेच खर्डे लिहिले, परंतु एका मर्यादेनंतर त्यांनी नकार दिला आणि ब्रॉडवेचा बेत बारगळला. नाटकातील विलेटावर जो प्रसंग येतो, जवळजवळ तोच प्रत्यक्षात लेखिकेवर आला होता. तो प्रयोग झाला असता तर ब्रॉडवेवर नाटक झालेली पहिली कृष्णवर्णीय लेखिका हा मान त्यांना मिळाला असता. तो १९५९ मध्ये ‘अ रेझिन इन द सन’मुळे लोरेन हॅन्सबेरी यांना मिळाला. हॅन्सबेरी ‘फ्रीडम’मधील चिल्ड्रेस यांच्या तरुण सहकारी होत.

नंतरची नाटके

१९५७ मध्ये चिल्ड्रेस यांनी संगीतकार नेथन वुडर्ड यांच्याशी दुसरा विवाह केला. वुडर्ड यांनी त्यांच्या अनेक नाटकांना संगीत दिले. १९६६ ते १९६८ या काळात त्या रॅडक्लिफ संस्थेच्या अधिछात्र होत्या.

‘वेडिंग बँड’ १९६० च्या दशकाच्या आरंभी लिहिले गेले. आजीकडून ऐकलेल्या एका खऱ्या हकिकतीवर ते आधारलेले आहे. १९१८ चा उन्हाळा, साउथ कॅरोलायना. शिवणकाम करणारी ज्युलिया आणि गोरा बेकरीवाला हर्मन यांचे दहा वर्षांचे प्रेम आहे, पण कायद्याने त्यांना विवाह करता येत नाही. हर्मन बोटात घालता न येणारी अंगठी साखळीत ओवून ज्युलियाला देतो. तिच्याच घरी तो इन्फ्लुएंझाने आजारी पडतो, आणि डॉक्टरला बोलावले तर दोघांचे संबंध उघड होणार, हा पेच उभा राहतो. १९६६ मध्ये मिशिगन विद्यापीठात याचा पहिला प्रयोग झाला. तरीही न्यू यॉर्कमध्ये ते यायला १९७२ साल उजाडले. तेव्हा जोसेफ पॅप यांच्या संस्थेने ते सादर केले. रूबी डी यांनी ज्युलिया साकारली आणि दिग्दर्शनात स्वतः चिल्ड्रेस यांचा सहभाग होता. १९७४ मध्ये एबीसी वाहिनीने ते दाखवले, मात्र काही स्थानिक केंद्रांनी प्रक्षेपण नाकारले. बॉस्टनच्या दूरचित्रवाणी केंद्रासाठी लिहिलेले ‘वाइन इन द विल्डरनेस’ (१९६९) गोऱ्यांऐवजी सुशिक्षित कृष्णवर्णीयांकडे रोख वळवते. ‘आदर्श’ कृष्णवर्णीय स्त्रीचे चित्र काढणारा चित्रकार समोरच्या साध्या स्त्रीला कसे तुच्छ लेखतो, हा त्याचा विषय आहे.

कादंबऱ्या

‘अ हीरो एन्ट नथिंग बट अ सँडविच’ ही हेरॉइनच्या आहारी चाललेल्या तेरा वर्षांच्या बेंजीची कथा आहे. प्रत्येक प्रकरण वेगळे पात्र सांगते. बेंजी सुधारतो की नाही, हे लेखिका सांगत नाही. न्यू यॉर्क राज्यातील आयलंड ट्रीज येथील शाळा मंडळाने ग्रंथालयातून हटवलेल्या पुस्तकांत हीही कादंबरी होती. विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली आणि हा खटला, ‘शाळा मंडळ विरुद्ध पिको’, १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन विद्यार्थ्यांच्या बाजूने लागला. कादंबरीवरील चित्रपटाची पटकथाही चिल्ड्रेस यांनीच लिहिली. ‘अ शॉर्ट वॉक’ (१९७९) आणि ‘रेनबो जॉर्डन’ (१९८१) या त्यांच्या अन्य कादंबऱ्या होत.

चिल्ड्रेस विरुद्ध टेलर

विनोदी अभिनेत्री जॅकी ‘मॉम्स’ मेब्ली यांच्यावर नाटक लिहावे, अशी गळ अभिनेत्री क्लॅरिस टेलर यांनी चिल्ड्रेस यांना घातली. माहिती टेलर यांनी जमवली, संहिता चिल्ड्रेस यांनी लिहिली. पुढे दोघींचे बिनसले. टेलर यांनी दुसऱ्या लेखकाकडून नाटक लिहवून घेऊन ते रंगमंचावर आणले. चिल्ड्रेस यांनी स्वामित्वहक्काच्या भंगाचा दावा लावला, तेव्हा आपण सहलेखिका आहोत, असा टेलर यांचा बचाव होता. १९९१ मध्ये अपील न्यायालयाने चिल्ड्रेस यांच्या बाजूने निर्णय दिला. केवळ कल्पना व माहिती पुरवल्याने कोणी सहलेखक होत नाही. प्रत्येकाचे योगदान स्वामित्वहक्कास पात्र असावे लागते आणि सहलेखन करण्याचा दोघांचाही हेतू असावा लागतो, असे न्यायालयाने म्हटले. अमेरिकेतील विधि महाविद्यालयांत हा निवाडा आजही अभ्यासला जातो. चिल्ड्रेस यांचे नाव अनेक वकिलांना नाटकांपेक्षा या खटल्यामुळे अधिक परिचित असावे.

मृत्यू आणि पुनरुज्जीवन

१९९० मध्ये मुलगी जीन हिचे कर्करोगाने निधन झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १४ ऑगस्ट १९९४ रोजी, न्यू यॉर्क येथे चिल्ड्रेस यांचा मृत्यू झाला.

२०२१ च्या नोव्हेंबरमध्ये, म्हणजे पहिल्या प्रयोगानंतर ६६ वर्षांनी, ‘ट्रबल इन माइंड’ ब्रॉडवेवर आले. दिग्दर्शक चार्ल्स रँडॉल्फ-राइट होते आणि विलेटाची भूमिका लाशांझ यांनी केली. या प्रयोगाला टोनी पुरस्कारांची चार नामांकने मिळाली. त्याच हिवाळ्यात लंडनच्या नॅशनल थिएटरनेही हे नाटक केले, आणि २०२२ मध्ये ब्रुकलिन येथे ‘वेडिंग बँड’ पुन्हा रंगमंचावर आले. ब्रॉडवेच्या प्रयोगात चिल्ड्रेस यांनी मुळात लिहिलेला शेवटच ठेवण्यात आला होता.