माराकायबोचे तेल

वर्गात जगाचा नकाशा टांगला आणि ‘तेल कोठे?’ म्हणून विचारले, की मुलांची बोटे हटकून अरबस्तानाकडे धावतात. व्हेनेझुएलावर बोट ठेवणारा विरळाच. खरे सांगायचे तर, १९२२ पर्यंत त्या देशात होते तरी काय? कॉफी, कोको आणि गोमेस नावाचा हुकूमशहा!

१४ डिसेंबर १९२२ रोजी माराकायबो सरोवराच्या पूर्वकाठी, काबिमास येथे, एका विहिरीतून तेल उसळले. नऊ दिवस ते कोणाला आवरेना. रोज सुमारे एक लाख पिंपे! दहा वर्षांच्या आत हा देश तेलाच्या निर्यातीत जगात पहिला झाला. पैसा मात्र गोमेस आणि परदेशी कंपन्या यांच्या पदरात.

आमच्या कथेचा नायक येथे येतो. ह्वान पाब्लो पेरेस अल्फोन्सो हे पेशाने वकील. ते मंत्री असताना, १९४८ साली, नफ्याचा निम्मा वाटा सरकारचा असा कायदा झाला, आणि त्याच महिन्यात लष्कराने सरकारच उलथले. मंत्रिमहाशय आधी तुरुंगात, मग वॉशिंग्टनला हद्दपार! दुसरा एखादा कपाळाला हात लावून बसला असता. यांनी तेथे टेक्सासच्या रेल्वे मंडळाचा अभ्यास आरंभला. रेल्वेचा नि तेलाचा काय संबंध, असे वाचक विचारतील. पण त्या राज्यात किती तेल उपसावे हे तेच मंडळ ठरवी, आणि त्यामुळे भाव कोसळत नसे. मग हेच साऱ्या जगासाठी का करू नये?

१९५९ मध्ये ते पुन्हा मंत्री झाले. १९६० च्या ऑगस्टात कंपन्यांनी परस्पर भाव उतरवले. सप्टेंबरात इराण, इराक, कुवेत, सौदी अरेबिया आणि व्हेनेझुएला बगदादला जमले नि ‘ओपेक’ जन्मली. तेरा वर्षे तिला फारसे कोणी विचारले नाही. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर मात्र काही महिन्यांत पिंपाचा भाव तीन डॉलरांवरून अकरापलीकडे गेला. आपल्याकडेही रॉकेल महागले.

बापाला या लेकराचे कौतुक वाटले नाही. आयत्या पैशाने देश बुडेल, तेल ही सैतानाची विष्ठा आहे, असे ते बोलू लागले. लोकांना तो म्हातारचळ वाटला असावा. १९७६ मध्ये विहिरी सरकारच्या झाल्या. १९७९ मध्ये ते वारले. १९७० साली रोज ३५ लाखांहून अधिक पिंपे उपसणारा तो देश २०२० साली पाच-सहा लाखांवर आला होता, आणि तोही जगातील सर्वांत मोठा साठा पोटात असताना!

काराकसला त्यांच्या बागेत एक सिंगर मोटार गंजत उभी असे. हद्दपारीतून परतताना मेक्सिकोहून मागवलेली. बंदरात दोन महिने पडून राहिली, आणि घरी आणताना वाटेतच बंद पडली. इंजिनात तेल घालायचे राहून गेले होते!