करारात नसलेले शहर

2009 ते 2019 या दहा वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या जोडशहरांतून फुटबॉलचे चार आणि क्रिकेटचे दोन असे सहा व्यावसायिक संघ देशातल्या वरच्या स्पर्धांत उतरले. आज त्यांतला एकही त्या स्पर्धांत नाही. त्याची कारणे गप्पांत नेहमीची सांगितली जातात: प्रेक्षक येत नाहीत, मुंबई जवळ आहे, संघच सुमार होते. गुणतक्ते, लिलावांच्या नोंदी, मंडळांची पत्रके आणि उच्च न्यायालयाचा आदेश असे जे कागद मागे उरले आहेत, ते ओळीने लावले की चित्र वेगळे दिसते.

आधी मैदान. मुळा नदीच्या एका काठाला वाकड, म्हणजे पिंपरी-चिंचवडची हद्द. समोरच्या काठाला महाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी राज्य सरकारने ते उभारले, 2008 मध्ये तिथे राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. चारही फुटबॉल संघांचे हे घरचे मैदान. क्रिकेटचे घर द्रुतगती मार्गालगत गहुंजे इथे, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या मालकीचे. घर सरकारचे किंवा असोसिएशनचे आणि संघ तिसऱ्याच कुणाचा, ही रचना पहिल्या दिवसापासूनची.

पहिला संघ पुणे एफसी. अशोक पिरामल समूहाने तो 2007 मध्ये सुरू केला. 2009-10 मध्ये आय-लीग या तेव्हाच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये पाऊल टाकताच तो तिसरा आला. 2012-13 मध्ये गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सपाठोपाठ दुसरा. त्याची युवा अकादमी देशात नावाजली गेली. जपानमध्ये जन्मलेला अराता इझुमी याच संघातून खेळला, भारताचे नागरिकत्व घेऊन राष्ट्रीय संघात गेला. सुमार संघ असल्याचा आरोप या नोंदींपुढे टिकत नाही.

2014-15 चा हंगाम बारकाईने पाहण्यासारखा आहे. त्या वर्षी बालेवाडीच्या एकाच मैदानावर तीन संघ घरचे सामने खेळत होते: पुणे एफसी, कल्याणी समूहाने नव्याने काढलेला भारत एफसी, आणि इंडियन सुपर लीगमधला एफसी पुणे सिटी. भारत एफसी आय-लीगच्या तक्त्यात अकरावा, म्हणजे शेवटचा आला. खालच्या श्रेणीतून न येता त्याला थेट प्रवेश मिळाला होता आणि त्या प्रवेशाच्या अटींत पदावनतीतून सूट होती, त्यामुळे तळाला राहूनही त्याची जागा सुरक्षित होती. तरीही पुढच्या हंगामाआधी भारत एफसी आणि पुणे एफसी दोघांनीही माघार घेतली. दोनच हंगामांपूर्वी देशात दुसरा आलेला आणि यंदा शेवटचा आलेला, दोघे एकाच उन्हाळ्यात गेले. कारण खेळातले असते तर दोघांची गत एक झाली नसती. देशाच्या फुटबॉलचा पैसा आणि टीव्हीवरचा वेळ सुपर लीगकडे वळला होता आणि आय-लीगच्या संघावर खर्च का करायचा, याचे उत्तर मालकांना सापडत नव्हते.

त्यांची जागा डीएसके शिवाजियन्सने घेतली. 1987 पासूनचा हा स्थानिक क्लब 2015-16 मध्ये आय-लीगमध्ये आला, दोन हंगाम खेळला आणि 2017 मध्ये बाहेर पडला. 2017-18 च्या आय-लीगच्या यादीत महाराष्ट्राचा एकही संघ नाही.

आता क्रिकेट. मार्च 2010 मध्ये सहारा समूहाने पुण्याच्या आयपीएल संघासाठी 37 कोटी डॉलरची बोली लावली. तोवरची ती सर्वांत मोठी. पुणे वॉरियर्सने तीन हंगामांत 46 सामने खेळून 12 जिंकले. इथे मात्र संघ कमकुवत होता, हे मान्य करावे लागते. पण तो हरला म्हणून गेला नाही. सामने कमी मिळाले म्हणून शुल्क कमी करा, असा सहाराचा आग्रह होता. वाद मिटला नाही, 2013 च्या मे महिन्यात भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सुमारे 170 कोटींची बँक हमी वटवली, सहाराने माघार जाहीर केली आणि ऑक्टोबरात मंडळाने करार संपवला. गहुंजेच्या स्टेडियमला दिलेले सहाराप्रमुखांचे नावही उतरले. वाद मुंबईतले मंडळ आणि लखनौचा उद्योगसमूह यांच्यातला. पुण्याच्या हाती त्यात काहीच नव्हते.

दुसऱ्या संघाचा तर शेवट जन्माच्या वेळीच लिहिलेला होता. चेन्नई आणि राजस्थान निलंबित असताना दोन वर्षांपुरते दोन संघ हवे होते. डिसेंबर 2015 च्या उलट्या, म्हणजे सर्वांत कमी बोली जिंकणाऱ्या लिलावात संजीव गोएंका यांच्या कंपनीने पुणे घेतले. पहिल्याच हंगामात महाराष्ट्रात दुष्काळ होता. 13 एप्रिल 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने महिनाअखेरनंतरचे सामने राज्याबाहेर हलवायला सांगितले. 1 मेच्या एका सामन्याला मुभा मिळाली आणि पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. तहानलेल्या गावांपुढे हिरवळीचा हट्ट कुणी धरू नये, आणि न्यायालयाने तो धरू दिला नाही हे योग्यच झाले. पुढच्या वर्षी हाच संघ अंतिम फेरीत पोहोचला. 21 मे 2017, हैदराबाद: मुंबई 129, पुणे 128. एका धावेने हुकलेल्या विजेतेपदानंतर मुदत संपली आणि संघही संपला. गोएंकांच्या समूहाने 2021 मध्ये पुन्हा संघ घेतला, तोही 7,090 कोटी मोजून. शहर मात्र लखनौ.

एफसी पुणे सिटीची कहाणी मला सर्वांत बोलकी वाटते. 2017-18 मध्ये संघ चौथा येऊन पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. 7 मार्च 2018 रोजी बालेवाडीत बंगळुरूशी गोलशून्य बरोबरी झाली. चार दिवसांनी बंगळुरूत सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि पुण्याला जोनातन लुकाच्या एका गोलावर थांबावे लागले. नारिंगी कपड्यांतली ‘ऑरेंज आर्मी’ स्टँडमध्ये होती, अकादमी होती. पण संघ वाधवान समूहाचा होता आणि त्या कुटुंबाची दिवाण हाउसिंग फायनान्स ही कंपनी 2019 मध्ये कर्जफेडीत अडकली. त्याच ऑगस्टमध्ये पुण्याची जागा हैदराबाद एफसीला मिळाल्याचे जाहीर झाले. प्रशिक्षक फिल ब्राउन तेच, मार्सेलिन्योसारखे खेळाडूही तेच. बदलले ते मालक आणि गाव. 2021-22 मध्ये हैदराबाद सुपर लीगचे विजेते झाले, आणि 2025 मध्ये तोच संघ दिल्लीला गेला. विजेतेपदानेही गाव राखता येत नाही, हे हैदराबादने दाखवून दिले.

उरला तो कबड्डीचा. पुणेरी पलटण 2014 पासून आहे, 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून तो प्रो कबड्डीचा विजेता झाला. खेळ इथल्या मातीतला, खर्च आवाक्यातला, म्हणून तो टिकला असे मी मानतो. पण 2025 चे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली इथेच झाले. पलटण अंतिम फेरीत पोहोचली, पण घरच्या प्रेक्षकांसमोर एकदाही खेळली नाही.

मग लहान शहरांनी संघाची आशा सोडायची का? 2011 च्या जनगणनेत पुणे शहर 31 लाखांचे आणि पिंपरी-चिंचवड 17 लाखांचे होते. पण त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, तीन लाखांच्या आतल्या ऐजॉलने 2016-17 ची आय-लीग जिंकली, त्याच हंगामात, ज्यानंतर डीएसके शिवाजियन्स गेला. अमेरिकेतल्या लाखभर वस्तीच्या ग्रीन बेमधला पॅकर्स हा अमेरिकी फुटबॉलचा संघ 1923 पासून सामान्य भागधारकांचा आहे; तो विकला तर पैसा भागधारकांना नव्हे, धर्मादाय कामाला जाईल असे त्याच्या नियमांत लिहिलेले आहे. त्यामुळे विकण्याचा मोहच उरत नाही.

कंपनीच्या मालकीचा संघही टिकू शकतो. चाकणजवळ महाळुंगे इंगळे नावाचे दुसरे महाळुंगे आहे. त्याच औद्योगिक पट्ट्यात फोक्सवागनचा कारखाना 2009 मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी कंपनीच्या मूळ गावचा, सव्वा लाख वस्तीच्या वोल्फ्सबुर्गचा संघ जर्मनीचा विजेता झाला. तो संपूर्ण कंपनीच्या मालकीचा आहे. जर्मनीत क्लबची बहुसंख्य मते सभासदांकडेच राहावीत असा नियम आहे. वोल्फ्सबुर्गला त्यातून सूट मिळाली ती वीस वर्षांहून अधिक काळ सलग पाठबळ दिल्याबद्दल. तिथे मालकाला आधी गावाशी निष्ठा सिद्ध करावी लागली. इथे बोली पुरेशी होती.

कागदांवरून निघणारा निष्कर्ष असा: सहापैकी एकही संघ केवळ रिकाम्या स्टँडमुळे किंवा पराभवांमुळे गेला नाही. कुणाची हमी वटली, कुणाची मुदत संपली, कुणाचा मूळ धंदा अडचणीत आला, कुणाला लीगच नकोशी झाली. निर्णय प्रत्येक वेळी मालक आणि लीग यांच्यात झाला. ज्या करारांनी संघ आले आणि गेले, त्यांत शहर पक्षकारच नव्हते.

तरी एक कागद आपल्या हातात आहे, तो म्हणजे मैदान वापरण्याचा करार. बालेवाडीचे संकुल जनतेच्या पैशातून उभे राहिले आहे. उद्या पुन्हा कुणी संघ घेऊन आला, तर सरकारने त्या करारात तीन अटी घालाव्यात: संघ गेला तरी अकादमी इथेच राहील, नाव आणि चिन्ह शहराच्या विश्वस्त संस्थेकडे राहील, आणि बाहेर पडायचे असल्यास एक पूर्ण हंगाम आधी सांगावे लागेल, म्हणजे सभासद वर्गणी काढून खालच्या श्रेणीत का होईना, संघ चालवू शकतील. या अटी मान्य नसलेला मालक आला नाही, तर शहराचे काही बिघडणार नाही. सहा वेळा आलेल्या अनुभवानंतर सातव्या वेळी पुण्याने आणि पिंपरी-चिंचवडने टाळ्या वाजवण्याआधी करार वाचायला मागावा.