ठिपके, कासव आणि माती

शीव–माटुंग्याच्या जुन्या इमारतींत रांगोळीच्या दोन तऱ्हा शेजारी शेजारी नांदतात. मराठी दारापुढे ठिपके जोडून कमळ किंवा कासव काढलेले असते. तमिळ दारातल्या कोलममध्ये मात्र रेघ ठिपक्यांना शिवत नाही, त्यांना वळसे घालत फिरते आणि निघाली तिथेच परत येते. कला, विज्ञान आणि संगणन एकत्र, हातांनी शिकवण्याच्या या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या शिक्षकांना मी आधी या दुसऱ्या तऱ्हेपुढे बसवतो.

तीन ओळी, चार रकाने असे बारा ठिपके मांडा. शेजारच्या दोन ठिपक्यांच्या मधोमध रेघा एकमेकींना छेदतील आणि कडेला पोचल्या की आत वळतील, एवढाच नियम. बारा ठिपक्यांना वेढून एकच अखंड रेघ पूर्ण होते. आता तीन बाय तीन मांडून बघा. तीन वेगवेगळे फेरे लागतात. चार बाय सहाला दोन. अशा पाच-सहा जाळ्या काढून झाल्या की एखादे मूल बोलतेच, ‘‘बाई, हा तर मसावि!’’ एरवी भागाकाराच्या पायऱ्यांत अडकून पडलेला मसावि इथे डोळ्यांना दिसतो. हीच रेघ संगणकाकडून काढून घ्यायची तर प्रत्येक वळणाचा नियम नेमका सांगावा लागतो. गिफ्ट व राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली कोलमची घडण औपचारिक व्याकरणात बसवली, तेव्हा उंबऱ्यावरची ही कला संगणकशास्त्राच्या अभ्यासात रीतसर दाखल झाली.

त्याआधी, १९६७ साली, अमेरिकेत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही भाषा घडवली होती. पुढे तिच्यात आज्ञा पाळत रेघ ओढणारे कासव आले. समभुज त्रिकोण काढायला सांगितला की मुले हमखास ‘पुढे १००, उजवीकडे ६०’ असे तीनदा लिहितात आणि पडद्यावर अर्धा षटकोन उमटतो. अशा वेळी शिक्षकाने उत्तर सांगू नये. मुलाला उठवून फरशीवर तोच त्रिकोण चालायला लावावा. कोपऱ्यावर अंग वळवताना त्याला कळते की वळायचे ते आतल्या ६० अंशांतून नव्हे, तर बाहेरच्या १२० अंशांतून. चूक लपवायची नाही, तपासायची असते, हा संगणनाचा संस्कार इथे पायांतून येतो.

महाराष्ट्रात या विचाराला घट्ट पाया आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा मुलांनी स्वतः घडवायच्या आणि त्यातून विज्ञान शिकायचे, ही त्यांची रीत. २००२ साली तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा, आली. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. शीवपासून फार दूर नसलेल्या मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रही १९७४ पासून विज्ञान शिकवण्याच्या पद्धतींवर काम करत आले आहे.

तयार संच आणून, चित्रातल्या पायऱ्यांबरहुकूम गाडी जोडायची आणि शेवटी तिला रंग द्यायचा, याला मी हे शिक्षण मानत नाही. त्यात मुलाने काहीच ठरवलेले नसते. कलेला प्रश्न उभा करण्याचा मान मिळाला पाहिजे. शीवला लागूनच धारावीचा कुंभारवाडा आहे. तिथल्या मातीच्या पट्टीवर दहा सेंटिमीटरची खूण करा. ती वाळल्यावर मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. पट्टी आखडलेली असते. किती आखडली हे तक्त्यात मांडले की हव्या त्या मापाच्या पणतीसाठी ओली पणती केवढी करायची, याचे सूत्र मुले स्वतः बांधतात. पणती घाटदार व्हावी ही ओढच त्यांना गणिताकडे नेते.

चित्रकलेच्या, विज्ञानाच्या आणि संगणकाच्या शिक्षकांनी आठवड्यातली एक जोडतासिका एकत्र मागून घ्यावी, ही माझी विनंती. पहिले काही आठवडे संगणक लागणार नाही. खडू, माती आणि मोकळी फरशी पुरेल.