१७ डिसेंबर १९९७ : नवऱ्याशी एकनिष्ठ, तरी एचआयव्ही

पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत १९९३ ते १९९६ या काळात आलेल्या ९१६ स्त्रियांचा अभ्यास आजच्या दिवशी ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. तो केला होता भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतले डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी.

यातल्या ५२५ जणी देहविक्रय करणाऱ्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना एचआयव्हीची लागण झालेली होती. धक्का दिला तो उरलेल्या ३९१ जणींनी. अंगावरून जाण्याची किंवा जखमेची तक्रार घेऊन आलेल्या या बायकांत लागणीचं प्रमाण होतं १३.६ टक्के, आणि बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशी संबंधच आलेला नव्हता!

तोवर एड्सप्रतिबंधाचा बहुतेक भर वेश्यावस्त्या आणि ट्रकचालकांवर होता. घरातली बाई सुरक्षित, असं सगळे धरून चालले होते. नवऱ्याला निरोध वापरायला सांगण्याची सोय जिला नाही, तिला नुसता एकनिष्ठेचा उपदेश करून काय उपयोग? जोडीदार पुरुषांपर्यंत पोचायलाच हवं, हे या आकड्यांनी ठणकावून सांगितलं.

गंगाखेडकरांना २०२० साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी करोनाविषयीच्या सरकारी पत्रकार परिषदांतून ते घरोघरी ओळखीचे झाले.