सेव्हिलच्या रुग्णालयातील करुणाचित्रे

१६४९ च्या प्लेगने स्पेनमधल्या सेव्हिल शहराची जवळजवळ निम्मी वस्ती नेली. व्यापारही ओसरत चालला होता. शहरात ‘सांता कारिदाद’ हा धर्मबंधूंचा जुना संघ होता. फाशी गेलेल्यांची आणि बुडून मेलेल्यांची बेवारस प्रेते पुरणे हे त्याचे मूळ काम. पत्नीच्या निधनानंतर मिगेल मान्यारा हा धनिक १६६२ मध्ये संघात आला आणि पुढच्याच वर्षी त्याचा प्रमुख झाला. मेलेल्यांबरोबर जित्यांचीही जबाबदारी त्याने संघावर घातली. जुन्या जहाजगोदीच्या जागेत निराधारांसाठी निवारा व रुग्णालय उभे राहिले.

तिथल्या चर्चसाठी चित्रे काढणारा बार्तोलोमे मुरिल्यो १६६५ पासून स्वतः संघाचा सदस्य होता. म्हणूनच ही चित्रे निव्वळ सजावट ठरत नाहीत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, पांथस्थाला आसरा, आजाऱ्याची विचारपूस, बंदिवानाची सुटका अशी सहा दयाकर्मे त्याने बायबलमधल्या प्रसंगांतून रंगवली. सातवे, मृताचे दफन, मुख्य वेदीवर पेद्रो रोल्दानच्या शिल्पात आहे. चर्चमध्ये शिरताच मात्र वाल्देस लेआलची मृत्यूची दोन भयाण चित्रे समोर येतात. आयुष्य क्षणात संपते हे बजावून मग काय करायचे ते दाखवावे, असा हा क्रम होता.

आजाऱ्यांच्या चित्रात अडतीस वर्षे पंगू असलेला माणूस बेथेस्दाच्या तळ्याकाठी जमिनीवर पडला आहे. ख्रिस्त त्याच्याकडे हात पुढे करतो, आणि तोही दोन्ही हात पसरतो. चमत्कारापेक्षा हे दोघांमधले थोडेसे अंतरच मुरिल्योने मन लावून रंगवले आहे.

या सहांखेरीज मुरिल्योने तिथेच १६७२ च्या सुमारास काढलेले हंगेरीच्या संत एलिझाबेथचे चित्र याहूनही धीट आहे. मुकुट घातलेली ही राजकन्या घंगाळावर वाकलेल्या मुलाचे खवड्यांनी भरलेले डोके स्वतः धुते. पुढ्यात एक जण पायाच्या जखमेवरचे फडके सोडतो आहे. त्या जखमा झाकलेल्या नाहीत. संघाच्या बंधूंना रोज जे हाताळायचे होते, तेच भिंतीवर होते.

१८१० मध्ये नेपोलियनचा सेनानी सूल्त याने यांतली बरीच चित्रे उचलून नेली. सहापैकी चार आज लंडन, वॉशिंग्टन, ओटावा आणि सेंट पीटर्सबर्ग येथे आहेत. त्यांच्या जागी २००८ पासून प्रतिकृती लावल्या आहेत. एलिझाबेथचे चित्र १९३९ मध्ये सेव्हिलला परतले. रुग्णालयाच्या वास्तूत आजही वृद्धांची सेवा चालते.